झाकली मूठ उघडा की, बाबा

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी तो मेसेज येतोच. एका बापाने तरुण मुलाला दिलेले दहा सल्ले. पैसा जपून वापर, मित्र पारखून घे, कष्टाला लाजू नको, आईला दुखवू नको वगैरे वगैरे, आणि शेवटी 'आवडल्यास पुढे पाठवा'. खाली लगेच पंधरा-वीस अंगठे. मी पण देतो अंगठा, खोटं कशाला बोलू. पण मागच्या खेपेला माझ्या पोराने, अकरावीत आहे तो, माझ्या खांद्यावरून मेसेज वाचला आणि विचारलं, "बाबा, ह्यातलं तुम्ही काय काय केलंय?"

मी म्हटलं, जा अभ्यास कर.

आता हे उत्तर नव्हतं हे त्यालाही कळलं आणि मलाही. तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय की आपल्याकडे बाप लोक पोरांना सल्ले देतात, हिशोब देत नाहीत. म्हणजे गणित सोडवून शेवटचं उत्तर तेवढं पोराच्या हातात द्यायचं, मधल्या पायऱ्या, खाडाखोड, चुकलेली वजाबाकी सगळं फाडून टाकायचं. आणि मग पोरगं तेच गणित चुकलं की म्हणायचं, सांगितलं होतं ना तुला! माझं स्पष्ट मत झालंय की असला सल्ला फुकटचा नसतो, महागात पडतो, आणि हे मी स्वतःचे पैसे घालवून शिकलोय.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणायचो, माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. दहिवडीच्या स्टँडवर मला पुण्याच्या एसटीत बसवून द्यायचे आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीच्या गजाला धरून खालून सल्ले. जेवण वेळेवर कर. रात्रीचा फिरू नको. पत्र टाक (नंतर नंतर फोन कर). आणि ड्रायव्हरने गाडी चालू केली की शेवटचं, न चुकता, "कुणाला जामीन राहू नकोस." दरवेळी. लग्नानंतर पण. मला पोरगा झाल्यावर पण. मला वाटायचं वयस्कर माणसांचं असतं असं काहीतरी एक, गॅस बंद केला का, कडी लावली का, त्याच लायनीतलं हे. का राहू नको, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी पण कधी विचारलं नाही.

२०११ साली ऑफिसात शेजारच्या टेबलवरचा एकजण, रोज एकत्र डबा खायचो आम्ही, पतसंस्थेचं तीन लाखांचं लोन काढत होता. दोन जामीनदार पाहिजे होते. "नुसती सही रे, फॉर्मॅलिटी असते." मी केली. कॅन्टीनमध्ये, चहाचा कप बाजूला सरकवून, फॉर्म न वाचता, आणि पेन पण त्याचंच. अण्णांचं वाक्य आठवलं नाही असं नाही, आठवलं की, पण त्या वाक्याला चेहरा नव्हता आणि समोर बसलेल्या माणसाला होता, त्याच्या बायकोने केलेली शेंगदाण्याची चटणी मी पाच मिनिटांपूर्वी खाल्ली होती. अशा वेळी कुणाचं ऐकणार माणूस?

दीड वर्षात तो नोकरी सोडून गेला, फोन बंद, २०१३ मध्ये नोटीस माझ्या नावावर. मी आपला निवांत होतो, म्हटलं आधी त्याला धरतील, त्याची गाडी असेल, घर असेल, त्यातून उरलंच तर मग जामीनदार. वकिलाने पाचशे रुपये घेऊन माझं समाधान केलं की तसं काही नसतं. १८७२ चा करार कायदा आहे आपला, त्याचं कलम १२८, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच, आधी त्याच्या मागे लागा मग माझ्याकडे या असं म्हणायची सोय नाही. वसुली जिथे सोपी तिथे संस्था आधी जाते आणि पगारदार माणसाइतकी सोपी वसुली जगात दुसरी नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली त्यांनी वसुली दाखला मिळवला, कागद आमच्या अकाउंट्स डिपार्टमेंटला आला आणि कटिंग सुरू. महिना ४,८०० रुपये, ३८ महिने. दुसऱ्या जामीनदाराचं पण तसंच. त्यात मधेच होम लोनला गेलो तर बँकेतल्या पोराने पगाराच्या स्लिपवरच्या त्या कटिंगवर बोट ठेवलं. जामीन राहिलेलं कर्जसुद्धा आपल्याच हिशोबात धरतात हे मला त्या दिवशी कळलं.

बायकोला सांगावंच लागलं, पगाराची स्लिप घरात येते. अण्णांना नाही सांगितलं. कुठल्या तोंडाने सांगणार?

२०१९ मध्ये अण्णा गेले. दिवसकार्य उरकल्यावर त्यांची ट्रंक उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास, पेन्शनचं पासबुक, सुतळीने बांधलेल्या विम्याच्या पावत्या, आणि सगळ्यात खाली शाळेच्या जुन्या हजेरीपटाच्या पुठ्ठ्यात चार घड्या घातलेला एक टाईप केलेला कागद. १९९१ ची नोटीस. जामीनदार क्रमांक दोन म्हणून अण्णांचं नाव. कागदाच्या पाठीमागे त्यांच्या त्या फळ्यावरच्या वळणदार अक्षरात, पेन्सिलने, ३४० गुणिले ४४ बरोबर १४,९६०. त्याखाली थोडी जागा सोडून, "पाटल्या – ६,२००". बास. बाकी काही नाही.

मी तिथेच ट्रंकेपाशी मांडी घालून बसलो होतो तो बराच वेळ तसाच बसून राहिलो. १९९१ ला मी सहावीत. त्या वर्षी वर्गाची सहल रायगडला गेली आणि मी गेलो नाही, अण्णा म्हणाले सहलीत काय असतंय, पुढच्या वर्षी जा. मला सहामाहीत गणितात कमी मार्क पडले होते, मी ठरवून टाकलं की त्याची ही शिक्षा. अठ्ठावीस वर्षं मी तेच धरून बसलो होतो. गुरुजींच्या पोराला गणित येत नाही म्हणून गुरुजींनी सहल बंद केली! आणि इकडे गुरुजी स्वतःच एका मास्तराच्या सहीचं गणित चुकून बसले होते.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्या घरात ती एक लाख ब्याऐंशी हजार चारशेला पडली. अण्णांनी एकदा, एकदाच, एसटीच्या खिडकीखाली उभं राहून नाही, तर घरी जेवताना वगैरे सांगितलं असतं ना की अरे मी सही केली होती, अमक्यासाठी, असे असे हप्ते गेले, तुझ्या आईच्या पाटल्या मोडल्या, तर माझा हात त्या पेनाकडे गेला नसता. किंवा गेला असता, पण थरथरला असता तरी. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, ही म्हण मी शंभरदा वापरली असेल, पण आमच्याकडे श्राद्ध झालं आणि मग बाप दिसला.

आता हे एकट्या अण्णांचं आहे का? अण्णांच्या शाळेत, हेडमास्तरांच्या खुर्चीच्या मागे, ते लिंकनचं पत्र फ्रेम करून लावलेलं होतं. मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं. वसंत बापटांनी मराठीत आणलेलं, महाराष्ट्रात ज्याने ते कुठल्या ना कुठल्या शाळेच्या भिंतीवर वाचलेलं नाही असा माणूस सापडायचा नाही. गंमत अशी की लिंकनने ते लिहिल्याचा कसलाच पुरावा नाही, त्याच्या कागदपत्रांत ते कुठेही नाही, कुणीतरी नंतर रचून त्याच्या नावावर खपवलेलं दिसतं. बापटांची भाषा सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण खऱ्या लिंकनच्या चरित्रात काय आहे बघा. पंचविशीच्या आतबाहेर असताना न्यू सेलम नावाच्या गावात त्याने बेरी नावाच्या पार्टनरबरोबर किराणा दुकान टाकलं, दुकान बुडालं, १८३५ मध्ये पार्टनर वारला आणि त्याच्या वाट्याचं कर्ज पण लिंकनच्या डोक्यावर आलं. सगळं मिळून अकराशे डॉलरच्या घरात. वसुलीत त्याची जमीन मोजायची अवजारं आणि घोडा लिलावात गेले, एका शेजाऱ्याने बोली लावून अवजारं सोडवून परत दिली म्हणून त्याचा धंदा चालू राहिला. ते कर्ज फेडायला वर्षानुवर्षं लागली, तो त्याला चेष्टेने 'राष्ट्रीय कर्ज' म्हणायचा. म्हणजे खऱ्या लिंकनकडे जामीनकीचा, पार्टनरशिपचा, शेजारधर्माचा एवढा नगद अनुभव होता, आणि आपण भिंतीवर लावलं काय, तर त्याने न लिहिलेलं पत्र. अण्णा रोज त्या फ्रेमखालून जा-ये करत होते आणि त्यांच्या ट्रंकेत ती नोटीस होती. मला हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही.

हल्ली एक मागणी सारखी कानावर येते, शाळेत पैशाचा विषय ठेवा, आर्थिक साक्षरता शिकवा. ठेवा की, माझा विरोध नाही. पण शाळेत पोरगं चक्रवाढ व्याज शिकेल, आपल्या बापाने न वाचता सही का केली हे शाळेत कसं शिकेल? माणूस व्याजदर कळत नाही म्हणून जामीन राहत नाही हो, नाही म्हणता येत नाही म्हणून राहतो, शेंगदाण्याची चटणी खाल्लेली असते म्हणून राहतो. हा धडा घरातच मिळू शकतो आणि घरात आपण त्याला कुलूप लावून ठेवलंय.

दुसरं असं की नुसतं उत्तर दिलं की ते शिळं होतं आणि कुणाच्या लक्षात पण येत नाही. 'सरकारी नोकरीच बघ' हा सल्ला घ्या. अण्णांच्या पिढीचा हिशोब सरळ होता, पगार कमी पण नियमित आणि मेल्यावर बायकोला पेन्शन. बरोबर होतं त्यांचं. पण १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सरकारने नव्याने लागणाऱ्यांची ती जुनी पेन्शन बंद केली, त्यावरून मार्च २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांचा एवढा मोठा संप झाला. आणि जागा म्हणाल तर २०२३ ची तलाठी भरती आठवा, साडेचार हजारांच्या आसपास जागा आणि दहा लाखांच्या वर अर्ज. पुण्यात सदाशिव पेठेत जाऊन बघा, कॉट बेसिसवर राहून सात-सात वर्षं तयारी करणारी पोरं, अभ्यासिकेची फी, मेसचे पैसे, आणि गावाकडून बापाचा फोन, होईल रे, चिकाटी सोडू नको. बाप वाईट नाही. बापाने फक्त १९८५ चं उत्तर २०२५ च्या पेपरात लिहायला सांगितलंय. त्याने पोराला बाजूला बसवून सांगितलं असतं की हे बघ, मला इतका पगार होता, इतकी पेन्शन मिळते, तुझ्यावर आतापर्यंत इतके खर्च झाले, अजून दोन वर्षं मी इतके पाठवू शकतो, त्यापुढे नाही, तर पोराने स्वतःच आजचे आकडे घालून बघितलं असतं. सरकारी नोकरी करायची नाही असं मी म्हणत नाहीये, नाहीतर लगेच भांडायला याल.

आता ह्यावर लोक म्हणतात, आणि माझी बायको पण म्हणते, की पोरांच्या डोक्यावर हे ओझं कशाला? त्यांचं वय आहे का हे? बापाचं कर्ज, बापाची फसवणूक ऐकून पोरगं धास्तावलं तर? त्यात तथ्य आहे, मी उडवून लावणार नाही. ज्या घरात पाऊस गेला, विकास सोसायटीचं कर्ज थकलं, सावकार दारात येतोय, त्या घरातल्या बापाने दहा वर्षांच्या पोरापुढे सगळा आकडा मांडावा असं मी म्हणणार नाही, तिथे मूठ झाकण्यात पण माया असते. आणि सातवीतल्या पोराला ईएमआयचं कोष्टक दाखवण्यात काही अर्थ नाही हेही खरंच. पण पोरांना काहीच कळत नाही असं जे आपण धरून चालतो ना, ते साफ चूक आहे. त्यांना कळतं की काहीतरी झालंय, काय ते कळत नाही, मग ती आपल्या मनानेच कारण शोधतात, आणि बहुतेक वेळा ते कारण म्हणजे आपण स्वतःच असतो. मला विचारा. मला रायगडाचं नाव काढलं की अजून गणिताची उत्तरपत्रिका दिसते.

आणि ओझ्याचं म्हणाल तर आपण 'मुलाला सल्ला' म्हणतो, मुलीचं काय? ट्रंक उघडली तेव्हा ताई शेजारीच होती. मी तो कागद तिच्यापुढे धरला, हात कापत होते माझे, म्हटलं बघ गं हे. ती म्हणाली, "मला माहितीये की." आईने तिला तेव्हाच सांगितलं होतं, चौदा वर्षांची होती ती, भांडी घासता घासता सांगितलं, दादल्याच्या सहीपायी पाटल्या गेल्या, तू नवऱ्याला विचारत जा कागद कसला आहे. ताई गेली पंचवीस वर्षं भावजींच्या प्रत्येक सहीच्या आधी कागद हातात घेऊन वाचते, लोक तिला कजाग म्हणतात. म्हणजे सल्ले मला मिळाले, हिशोब तिला. आणि त्याच आठवड्यात चुलत्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ताईची हक्कसोडवर, म्हणजे जमिनीतला वाटा सोडल्याच्या कागदावर, सही घेऊन टाक, वेळेवर झालेलं बरं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क दिला, महाराष्ट्राने तर १९९४ मध्येच पाऊल टाकलं होतं, सुप्रीम कोर्टाने २०२० ला उरलीसुरली शंका पण काढून टाकली, तरी गावोगाव दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात राखीपौर्णिमेला येणाऱ्या बहिणी सह्या करतायत. अण्णांनी मला 'बहिणीला अंतर देऊ नको' हे पण खूपदा सांगितलं होतं. सात-बारावर तिचं नाव लाव असं मात्र कधी सांगितलं नाही. आम्ही वारस नोंदीत दोघांची नावं लावली, त्याचं श्रेय माझं नाही, ताईने कागद वाचला आणि म्हणाली हे कशाला. माझी तर सहीची तयारी झाली होती.

तर पोराने 'तुम्ही काय काय केलंय' विचारल्यावर गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी एक दोनशे पानी वही काढली. पगार किती, घराचा हप्ता किती, त्यात व्याज किती आणि मुद्दल किती, अजून किती वर्षं. विम्याची एक पॉलिसी, जी मी ओळखीच्या एजंटला नाही म्हणता येईना म्हणून घेतली. पहिली पंधरा मिनिटं पोराचं निम्मं लक्ष मोबाईलमध्ये होतं. मग गावाकडची आमची एक छोटी ठेव पतसंस्थेत आहे तिचं व्याज बघून तो म्हणाला, अरे इथे तर बँकेपेक्षा जास्त मिळतंय, सगळं इथेच का नाही ठेवत? मग सांगितलं की बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी एक लाखच होतं, सहकारी बँकेला पण ते लागू आहे पण पतसंस्थेला नाही, नावं सारखी वाटतात, पाट्या सारख्या असतात, आत बसलेली माणसं पण आपल्याच गावची असतात. तो म्हणाला, मग तुम्ही तरी का ठेवलीय? म्हटलं, आत बसलेली माणसं आपल्याच गावची आहेत म्हणून.

जामीनकीचं पान आलं तेव्हा मोबाईल उलटा ठेवला त्याने. अण्णांचा कागद पण दाखवला, पेन्सिल आता पुसट झालीय. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं काय, तर "मग त्या काकांना तुम्ही परत कधी भेटलात का?"

भेटलो होतो. म्हणजे दिसला होता, स्वारगेटला, २०१६ मध्ये, कटिंग चालूच होतं. हातात भाजीची पिशवी, बरोबर एक लहान मुलगी. आणि त्याने मला बघू नये म्हणून मीच वेळापत्रकाच्या बोर्डामागे जाऊन उभा राहिलो. पैसे माझे गेलेले आणि लपलो मी. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोला पण नाही. पोरगा हसला नाही. म्हणाला, मी पण लपलो असतो बहुतेक.

त्या वहीत अजून एक पान आहे, ते मी त्या दिवशी पटकन उलटलं. २०२१ मध्ये लॉकडाऊनच्या भरात मोबाईलवर ऑप्शन ट्रेडिंग, म्हणजे शेअर बाजारातले भाव वर जातील की खाली ह्यावरचे सौदे, केलं होतं, सत्तर हजार गेले. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने पुढे २०२४ मध्ये आकडे काढले की तीन वर्षांत ह्या फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या शंभर सामान्य लोकांतले त्र्याण्णव तोट्यात होते, ते वाचून तर मला बरंच वाटलं होतं, एकटाच येडा नाही म्हणून. पण घरात कुणाला माहीत नाही. पोरगा हल्ली कॉलेजातल्या मित्रांचे असलेच काहीतरी स्क्रीनशॉट बघत असतो, मी परवा त्याला नुसतं म्हटलं, "ह्या नादाला लागू नको." म्हणून झाल्यावर मला एसटीची खिडकीच दिसली एकदम.

हा लेख घरी वाचला जाणार. म्हणजे आज रात्री जेवणं झाल्यावर ते पान उघडावं लागेल, आणि पोराच्या आधी बायकोपुढे.